श्वासाची वाट

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर गेले दोन महिने एक वस्तू पडून आहे. घरी येणारा प्रत्येक माणूस तिच्याकडे पाहतो आणि विचारतो, "हे काय?" मी सांगतो, "मॅनिफोल्ड." एवढ्याने कुणाचेच समाधान होत नाही. शेजारच्या काकूंना ते एखाद्या मोठ्या मिक्सरचे भांडे वाटले. शाळेतले आमचे भूगोलाचे सहकारी त्याला बराच वेळ उलटेसुलटे करून म्हणाले, "नदीच्या मुखासारखं दिसतंय." ते मला पटले. मात्र ही नदी उलटी वाहते. एका तोंडातून आत शिरते आणि तीन तोंडांनी बाहेर पडते.

मोटारीचे इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक ते हवा खाते. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलला साधारण चौदा-पंधरा भाग हवा लागते. ही हवा कार्ब्युरेटरमधून येते, येताना पेट्रोलचे तुषार बरोबर घेते आणि मग सिलिंडरच्या दारापर्यंत जाते. त्या शेवटच्या वाटेचे नाव इनटेक मॅनिफोल्ड. माझ्या टेबलावरचे मॅनिफोल्ड आमच्या जुन्या मारुती ८०० चे आहे. तीन सिलिंडर, म्हणून तीन नळ्या. धातू म्हणाल तर आपल्या स्वयंपाकघरातले जर्मलच, म्हणजे अॅल्युमिनियम. फक्त त्यात सिलिकॉन मिसळलेले, साच्यात चांगले उतरावे म्हणून.

जर्मलला आपल्याकडे मान नाही. पितळेची घागर लग्नात देतात, जर्मलचे पातेले कुणी देत नाही. पण मी मुलांना वर्गात नेहमी सांगतो की १८८४ साली अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या शिखरावर टोक बसवले ते याच धातूचे. तेव्हा तो मौल्यवान होता. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, हॉल आणि एरू या दोघा तरुणांनी विजेने अॅल्युमिनियम काढण्याची रीत शोधली, एकाने अमेरिकेत आणि दुसऱ्याने फ्रान्समध्ये, एकमेकांना न कळवता. आणि पुढे तो चहाच्या टपरीवर आला. मुलांना ही गोष्ट आवडते. का आवडते कोण जाणे.

मुद्द्यावर येतो. मी एक कादंबरी लिहीत होतो आणि तिच्यातला एक माणूस वेल्डिंगचे काम करणारा होता. पहिली सत्तर पाने त्याने वेल्डिंग केलेच नाही. तो चहा प्यायला, बायकोशी भांडला, आजारी पडला. शेवटी एकाहत्तराव्या पानावर त्याला कामाला बसवणे भाग आले, तेव्हा माझ्या लक्षात आले की या माणसाच्या हातात नेमके काय असते हे आपल्याला ठाऊक नाही. शास्त्र मी शिकलो ते मॅट्रिकपर्यंत. ठिणग्या उडतात आणि डोळ्यांवर काच धरतात, एवढ्या भांडवलावर प्रकरण लिहिता येईना. म्हणून मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. जाताना हात हलवत कसे जायचे? कुणाच्या दारात नुसते बघायला उभे राहिले तर माणूस संकोचतो. काहीतरी काम पाहिजे. घराच्या मागे ताडपत्रीखाली गाडी होती, आणि तिच्या डिकीत पोत्यात गुंडाळलेले हे मॅनिफोल्ड होते. सोळा वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. ते पिशवीत घातले आणि निघालो.

उद्यमनगर ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते सांगून कळायचे नाही. दहा बाय बाराच्या गाळ्यात लेथ, त्याच्या पुढ्यात ड्रिल, आणि त्यातूनही उरलेल्या जागेत गणपतीचा कोनाडा. उसाचे चरक, ऑइल इंजिने, पंप, त्यांचे सुटे भाग यांवर इथल्या पिढ्या पोसल्या. शाळेचे तोंड न पाहिलेली माणसे इथे एक शतांश मिलिमीटरची भाषा बोलतात. मला ज्या मिस्त्रींचा पत्ता मिळाला होता ते साठीचे, बारीक, कानावर बिडी ठेवलेले गृहस्थ होते. ते फक्त जर्मलचे काम करतात. लोखंडाचे काम आले तर शेजारच्या गाळ्याकडे बोट दाखवतात.

त्यांनी मॅनिफोल्ड हातात घेतले, उजेडाकडे धरून तिन्ही नळ्यांत पाहिले, करंगळी आत घालून फिरवली. मग विचारले,

"गुर्जी, हे घासलंय कुणी?"

"धाकट्या भावाने."

"हात चांगला हाय," मिस्त्री म्हणाले, "पन भूक लई."

या वाक्यापाशी मी बराच वेळ अडकून राहिलो. भावाचे वर्णन इतक्या थोडक्यात मला कधी जमले नव्हते, आणि मी कादंबरीकार.

माझा भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. आयटीआय झालेला. २००७ साली त्याला गाड्या पळवायचे वेड लागले. शेतातल्या मातीच्या चक्रीवर जुन्या मारुत्या पळवणारी पोरे होती, त्यांत तो मिसळला. त्याला कुणीतरी सांगितले, की इंजिन म्हणजे फुप्फुस. त्याला जितकी हवा जास्त द्याल तितके ते जोरात पळेल. हे खोटे नाही. कारखान्यातून येणाऱ्या मॅनिफोल्डचे तोंड आणि इंजिनच्या हेडचे तोंड नेहमीच नेमके जुळते असे नाही. मध्ये बारीकशी पायरी राहते आणि हवा तिला अडखळते. ती पायरी काढायची रीत सोपी आहे. नवे गॅस्केट तोंडावर ठेवायचे, निळा रंग लावून सुईने त्याची कड आखायची, आणि आखलेल्या रेघेपर्यंत धातू घासत न्यायचा. जर्मल मऊ, त्यामुळे कानस आणि बर लगेच भरून जातात. म्हणून भाऊ मधूनमधून बरला मेण चोळायचा. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ओसरीवर आठ दिवस हे चालले होते. फराळाच्या ताटात चांदीसारखी भुकटी पडायची आणि आई ओरडायची. अण्णा मात्र खुर्ची ओढून बसायचे आणि पाहायचे. ते एस. टी. चे ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "बघ हं, घाटाची गाडी आहे ती."

भाऊ रेघेवर थांबला नाही. रेघेच्या पुढे गेला, मग आत शिरला, आणि तिन्ही नळ्या त्याने पोटापर्यंत मोठ्या केल्या. मधल्या नळीचा पत्रा एका जागी इतका पातळ झाला की सुईच्या अग्राएवढे भोक पडले. त्यावर त्याने नळाची गळती बंद करायला वापरतात तसली दोन रंगांची लांबी मळून बाहेरून दाबली.

मिस्त्रींनी ती लांबी नखाने उचकटली. ती पापुद्र्यासारखी निघाली. "हे आत लावलं असतं तर पिस्टनवर पडलं असतं," ते म्हणाले.

मग त्यांनी मला जे समजावले ते माझ्या भाषेत सांगतो, कारण त्यांनी अर्धे हातांनी सांगितले होते. समजा नळीचा व्यास २८ मिलिमीटर आहे आणि तो ३२ केला. चारच मिलिमीटर. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणजे नळी ३० टक्क्यांनी मोठी झाली. मारुतीचे इंजिन ७९६ सीसीचे. एका सिलिंडरच्या वाट्याला २६५. चार फेऱ्यांचे इंजिन दोन चकरांत एकदा श्वास घेते. मिनिटाला दोन हजार चकरा होत असतील तर प्रत्येक सिलिंडर हजार श्वास घेईल, म्हणजे पूर्ण भरले तर मिनिटाला २६५ लिटर. ही हवा ठरलेली आहे. नळी मोठी केली म्हणून इंजिनचे पोट मोठे होत नाही. तेवढीच हवा रुंद वाटेने जाईल तर सावकाश जाईल. आधी वेग शंभर असेल तर आता सत्त्याहत्तर. आणि हवा सावकाश गेली की दोन गोष्टी घडतात. वेगात आलेली हवा पिस्टन तळाला पोचल्यावरही आपल्याच जोराने आणखी थोडी आत घुसते. ते घुसणे कमी होते. शिवाय तिच्या बरोबर चाललेले पेट्रोलचे तुषार खाली पडतात, नळीच्या तळाला ओल धरते, आणि सिलिंडरला कधी कमी तर कधी जास्त पेट्रोल मिळते. गाडी अडखळते. मिनिटाला पाच-सहा हजार चकरांवर, शर्यतीच्या चक्रीवर, हीच रुंद नळी फायद्याची ठरते, कारण तिथे हवेला घाई असते. घाटात दुसऱ्या गिअरवर, भरल्या गाडीला, ती नडते.

यासाठीच कसबी लोक कित्येकदा नळी घासून मोठी करण्याऐवजी भरून लहान करतात. मला हे ऐकून नवल वाटले. नंतर मी थोडे वाचले. इंग्लंडात हॅरी वेस्लेक नावाचा एक गृहस्थ होऊन गेला, १८९७ ते १९७८. हवा कुठून कशी जाते हे मोजणे हाच त्याचा धंदा. इंजिनच्या दारांतून हवा ओढून ती किती जाते हे तो यंत्रावर मोजायचा. जॅग्वारच्या प्रसिद्ध एक्सके इंजिनाच्या हेडमध्ये त्याचा हात होता. १८ जून १९६७ रोजी बेल्जियममध्ये स्पा येथे डॅन गर्नी हा अमेरिकन स्वतःच्या ईगल गाडीत शर्यत जिंकला, त्या गाडीचे बारा सिलिंडरचे इंजिन वेस्लेकच्याच कारखान्यातले. आजही हे काम करणारे लोक मुलांच्या खेळण्यातली मऊ चिकणमाती नळीत थापतात आणि हवा सोडून बघतात. माती थापूनही हवा कमी होत नसेल, तर ती जागा फुकट होती असे समजायचे. बहुधा ही फुकट जागा तळाला सापडते. हवा वळणावर बाहेरच्या बाजूने, छताच्या कडेने धावते, आणि आतल्या कोपऱ्यात नुसती घुटमळते. म्हणून तळ भरायचा आणि छत उचलायचे. छताचा पत्रा पातळ असेल तर आधी बाहेरून वेल्डिंगने त्यावर मांस चढवायचे आणि मग आतून कोरायचे.

तळ भरायला दोन मार्ग. एक वेल्डिंग आणि दुसरा धातूची पूड मिसळलेले एपॉक्सी. एपॉक्सीचे काम वाटते तितके सोपे नाही. जागा तेलाच्या लवलेशापासून मोकळी हवी. नुसत्या गुळगुळीत पृष्ठावर ते धरत नाही म्हणून आधी ओरखडे, चर, आडवी-तिरपी आंधळी भोके पाडायची, म्हणजे त्याला पाय रोवता येतात. आणि ते पेट्रोल सोसणारे हवे. आता २०२५ मध्ये आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. साध्या पेट्रोलमध्ये वर्षानुवर्षे टिकलेला डिंक इथेनॉलमध्ये मऊ पडू शकतो. मिस्त्रींचा या प्रकारावर विश्वास नाही. "डिंक तो डिंक," म्हणाले. मला वाटते, हा थोडा अन्याय आहे. जपून केलेले एपॉक्सीचे काम बाहेर देशांत लोक वर्षानुवर्षे वापरतात. पण मी मिस्त्रींच्या गाळ्यात बसलो होतो, तेव्हा गप्प राहिलो.

वेल्डिंगचे म्हणाल, तर जर्मल हा फसवा धातू आहे. त्याच्या अंगावर नेहमी स्वतःच्याच भस्माचे एक अदृश्य पांघरूण असते. आतला धातू ६६० अंशांना वितळतो आणि वरचे पांघरूण दोन हजारांच्याही वर. म्हणजे आत पाणी झाले तरी वरून कातडी शाबूत. लोखंड तापले की लाल होते, पिवळे होते, माणसाला सावध करते. जर्मल रंग बदलत नाही. जसेच्या तसे दिसते आणि एकदम खाली गळून पडते. "लोखंड सांगून जातंय," मिस्त्री म्हणाले, "ह्ये न सांगता जातंय."

आमच्या मॅनिफोल्डवर जुने तेल आणि पेट्रोलची काजळी. ते आधी रॉकेलने, मग अॅसिटोनने धुतले. मी म्हटले, "कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवलं तर?" शाळेत मी तो प्रयोग करून दाखवतो. मिस्त्री हसले. प्रयोगात हायड्रोजनचे बुडबुडे निघतात ते जर्मल खाऊनच, हे मी मुलांना शिकवतो आणि इथे विसरलो. मग त्यांनी ते शेगडीवर ठेवून तापवले. ओतीव धातूत बारीक छिद्रे असतात, त्यांत तेल मुरून बसते. तापवल्यावर ते घाम यावा तसे बाहेर येते. पुसायचे, पुन्हा तापवायचे. तीनदा केले. नुसते जर्मलसाठी राखलेल्या स्टीलच्या ब्रशने घासले. जाड लोखंडी पाटावर ते बोल्टांनी आवळले, नाहीतर उष्णतेने त्याचे तोंड वाकडे होते. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचायला लागला तेव्हा त्यांनी काच तोंडावर ओढली.

त्यांचे यंत्र टिगचे. टंगस्टनची सुई, भोवती आर्गॉन वायूचा पडदा, आणि वीज उलटसुलट वाहणारी. तिची एक दिशा वरचे पांघरूण फोडते आणि दुसरी धातू वितळवते, सेकंदाला कित्येकदा. ठिणग्या अजिबात उडत नाहीत. माझ्या कादंबरीतला माणूस गेली तीन प्रकरणे ठिणग्यांत न्हाऊन निघाला होता, त्याचे मला फार वाईट वाटले. एक पांढरी ज्योत, तिच्याखाली आरशासारखे चकाकणारे डबके, आणि डाव्या हातातली सळी त्यात टपटप बुडते. सळी अॅल्युमिनियममध्ये पाच टक्के सिलिकॉन असलेली. पहिल्या थरात काळे ठिपके आले, मिरी भुरभुरल्यासारखे. राहिलेले तेल. मिस्त्रींनी तो थर सगळा खरवडून टाकला आणि पुन्हा सुरुवात केली.

पण हे दुसऱ्या दिवशीचे. पहिल्या दिवशी काय झाले ते सांगायचे राहिले. खरे तर मी ते टाळत होतो.

२००९ च्या जुलैमध्ये आम्ही वैभववाडीच्या बाजूला, करूळ घाटाच्या खाली राहत होतो. माझी नोकरी तिथे होती. भाऊ त्या जानेवारीत पुण्याला कामाला गेला होता. गाडी आमच्याकडे होती. एका रात्री दहाच्या सुमारास जेवण आटोपून हात धुताना अण्णांचे तोंड वाकडे झाले. उजवा हात लोंबला. मी आणि आईने त्यांना गाडीत मागे आडवे केले आणि निघालो. एरवी कोल्हापूर अडीच तासांचे. त्या रात्री पाऊस होता, धुके होते, आणि घाटात गाडी चढेना. अॅक्सिलरेटर तळाला दाबला तरी ती घुसमटल्यासारखी करी. दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर, पहिल्यावर थोडे चढून बंद. तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा आई उतरून चाकामागे दगड लावत होती. आम्ही कोल्हापुरात पोचलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. डॉक्टर भले होते. ते म्हणाले, गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलेसुद्धा नाही. मीच पाहिले.

अण्णा वाचले, वाचा गेली. सकाळी भाऊ पुण्याहून आला. दवाखान्याच्या जिन्यावर मी त्याला म्हणालो, "तुझ्या घासण्यानं अण्णांची वाचा गेली." तो काही बोलला नाही. चार दिवस राहिला, गाडी घाटाखाली घरी नेऊन लावली आणि गेला. त्यानंतर दर महिन्याला त्याचे पैसे येत. दिवाळीला येतो, दोन दिवस राहतो, आईशी बोलतो, माझ्याशी पावसापाण्याचे बोलतो. गाडीवरच्या ताडपत्रीकडे पाहत नाही. २०१५ मध्ये अण्णा गेले, तेव्हा आम्ही दोघांनी खांदा दिला. बोललो काहीच नाही.

तर पहिल्या दिवशी मिस्त्री मॅनिफोल्डचे तोंड पुसत होते आणि मध्येच थांबले. म्हणाले, "गुर्जी, गॅसकीट जुनंच परत बसवलंय ह्याला."

इंजिनला मॅनिफोल्ड जिथे टेकते त्या सपाट तोंडावर दोन ठसे होते, एकमेकांवर किंचित सरकलेले. त्यांच्या मधून, मधल्या नळीपासून बाहेरच्या कडेपर्यंत, बोटाच्या नखाएवढी एक मळकी रेघ गेली होती. भावाने नळी रुंद केल्यामुळे तिथे टेकायला धातू मुळातच कमी उरला होता. त्यावर एकदा दबून बसलेले गॅस्केट दुसऱ्यांदा नीट बसत नाही. फट राहते. इंजिन हवा ओढते तेव्हा त्या फटीतून बाहेरची कोरडी हवा आत घुसते, कार्ब्युरेटरला न विचारता. पेट्रोल तेवढेच आणि हवा जादा, म्हणजे मिश्रण पातळ. गाडी घुसमटते.

"ही फट किती नडते?" मी विचारले.

"नळी मोटी झाल्यानं वढ कमी होत असंल. फटीनं एक शिलिंडर गेल्यातच जमा." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "आता कोन सांगावं. लई वर्सं झाली. प्लगबी आसंल, क्लचबी आसंल."

मी त्यांना सांगितले नाही, पण मला सगळे आठवले. त्या वर्षी एप्रिलमध्ये, भाऊ गेल्यावर, त्याने नेमके काय करून ठेवले आहे ते बघावे म्हणून मी नाक्यावरच्या मेकॅनिककडून मॅनिफोल्ड उतरवून घेतले होते. बसवताना तो म्हणाला, "सर, गॅस्केट नवीन लागेल. कोल्हापूरहून उद्याच्या एस. टी. ने मागवतो." मला दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या कामाला तालुक्याला जायचे होते. मी म्हटले, "आहे तेच पेस्ट लावून बसव." शंभर-सव्वाशे रुपयांची वस्तू. पैशाचा प्रश्नसुद्धा नव्हता. एका दिवसाचा होता.

आणखी एक गोष्ट आठवली, ती मी घरी येऊन आईला विचारून पक्की केली. आजारपणानंतर अण्णा ओसरीवर बसत. बॅटरी उतरू नये म्हणून मी आठवड्यातून एकदा गाडी चालू करून ठेवी. ती चालू झाली की ते डावा हात बॉनेटकडे करीत आणि तोंडाने "स्स... स्स..." असा आवाज काढीत. डोळ्यांत पाणी येईपर्यंत काढीत. आम्हाला वाटे, त्यांना काही बोलायचे आहे आणि फक्त पहिले अक्षर येते आहे. आईने स वरून सुरू होणारी सगळी नावे घेऊन पाहिली. सखू, सदा, साखर, सुपारी. ते मान हलवीत. तीस वर्षे घाटात गाडी चालवलेला माणूस. त्यांना ऐकू येत होते. त्यांनी आवाजच काढून दाखवला होता, शब्द नव्हे.

मिस्त्रींनी काम मन लावून केले. तोंडाच्या कडेला भोवतीने धातू चढवला, भोक बुजवले, आणि टॉर्च पोचेल तितके, इंचभर आत, नळीचे तळ भरून घेतले. त्यापुढे हात पोचत नाही. पोचायचे तर नळी उभी कापून, आतून भरून, पुन्हा जोडावी लागते. मी विचारले तेव्हा म्हणाले, "कापू नका. पोराचा हात हाय आत, ऱ्हाऊ द्या." मग काचेवर पॉलिशपेपर चिकटवून, त्यावर तोंड आठाच्या आकड्यात फिरवत त्यांनी ते सपाट केले. शेवटी नळीची कड त्यांनी बरने नाही, हाताने, बारीक कानशीने उतरवली. पैसे विचारले तर म्हणाले, "पुस्तकात नाव घालू नका म्हंजे झालं." मी पैसे दिले आणि नावही घातले नाही.

त्या रात्री मी भावाला फोन केला. सोळा वर्षांत मी त्याला गाडीबद्दल पहिल्यांदा फोन करत होतो. प्रस्तावना जमेना, म्हणून सरळ सांगितले: गॅस्केट जुने होते, ते मी बसवायला सांगितले होते, मधल्या नळीपाशी फट होती.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "मला माहीत होतं, दादा. गाडी खाली नेताना गगनबावड्याला उभी केली होती, बॉनेट उघडलं होतं. फुसफुसत होती. पेस्ट बाहेर आलेली दिसत होती."

"मग बोलला का नाहीस?"

"नळ्या मी मोठ्या केल्याच होत्या की," तो म्हणाला. "अण्णा नको म्हणत होते."

यावर मला काही सुचले नाही. त्यालाही नसावे. थोड्या वेळाने त्याने विचारले, "फ्लँजला आता गॅस्केटच्या भोवती किती जागा आहे?" मी टेबलावरची पट्टी घेऊन मोजले आणि सांगितले, सर्वांत कमी जागी सहा मिलिमीटर. त्याने पुन्हा मोजायला सांगितले. मी पुन्हा मोजले.

"पुरे," तो म्हणाला. "दिवाळीला येताना गॅस्केट मी आणतो. तू काही बसवू नकोस."